चौऱ्याहत्तर आवाजांची वर्गवारी

गोष्ट दोन हजार अकरा सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी मी वाचनालयातून निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी आमच्या ह्यांची तेहतीस वर्षांची खुर्ची मी स्वतःच्या हातानं घालवायला निघाले होते. तीही मदत करायला जाऊन!

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं पटायचं नाही. सदतीस वर्षं मी ग्रंथपाल होते. एकोणीस हजार चारशे पुस्तकं कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर उभी आहेत, ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. "बाई, ते निळ्या कव्हराचं, ज्यात शेवटी बायको निघून जाते ते," एवढ्या खुणेवर मी तिसऱ्या मिनिटाला पुस्तक हातात ठेवत असे! आणि निघून गेलेली बायको कुठल्या पानावर परत येते तेही सांगत असे.

अशा बाईला घरी बसवलं तर काय होणार? पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातले डबे वर्गवारीनं लावले. दुसऱ्या आठवड्यात औषधं. तिसऱ्या आठवड्यात ह्यांचे मोजे, रंगाप्रमाणे आणि भोकांप्रमाणे. चौथ्या आठवड्यात घरात लावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा माझी नजर ह्यांच्या कीबोर्डवर गेली.

कीबोर्ड म्हणजे वाजवायचा. पाच फूट लांब, काळा, दोन माणसांनी उचलावा असा. हे व्यवसायानं घड्याळजी, पण खरा जीव नाटकात. आमच्या भागात एक हौशी नाटकमंडळी होती. हौशी म्हणजे दिवसा प्रत्येकाचा वेगळा धंदा. दिग्दर्शक शिंपी होते, सगळे त्यांना टेलरमास्तर म्हणत. तालमीलासुद्धा त्यांच्या गळ्यात मापाची टेप लोंबत असे. नायक दंतवैद्य. नायिका मुख्याध्यापिका, त्यामुळे तिचा प्रेमाचा संवादसुद्धा वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. आणि विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी, एका लाकडी खुर्चीवर आमचे हे. नाटकातला प्रत्येक आवाज त्यांचा. दार, पाऊस, फोन, कुत्रा, आगगाडी, कुणी मेलं की वाजणारं दुःख, सगळं त्या एका यंत्रातून!

यंत्राबरोबर आलेले आवाज ह्यांना पसंत नव्हते. "हे दार प्लॅस्टिकचं वाजतं," म्हणायचे. म्हणून स्वतः घरोघर फिरून आवाज टिपून आणायचे आणि पेनड्राइव्हवरून आत भरायचे. आमच्या न्हाणीघराची कडी, शेजाऱ्यांचा कुत्रा, जिन्यावरून घरंगळणारी बादली. बादली मी सोडली होती, आठ वेळा, कारण सात वेळा ती "खोटी पडली"!

तर त्या वर्षी काय झालं, नव्या नाटकाच्या दोन प्रयोगांत आवाज उशिरा आले. फोन वाजायच्या आधीच दंतवैद्यांनी उचलला आणि "हॅलो" म्हटल्यावर तो वाजला! प्रयोगानंतर टेलरमास्तर घरी आले. चहा घेतला, टेपशी चाळा करत बसले, मग म्हणाले, "दादा, राग मानू नका. आवाज उशिरा येतायत. सगळे आवाज लॅपटॉपवर भरून घेऊ या. बटण दाबलं की झालं. रविवारचा प्रयोग तुमच्यावर. तो बघतो आणि मग ठरवतो."

"बघा," हे म्हणाले. एवढंच.

रात्री जेवले नाहीत. आदल्या वर्षी त्यांनी घड्याळाचं दुकान बंद केलं होतं. "आता घड्याळ कोण दुरुस्त करतं, सगळे मोबाइलमध्ये वेळ बघतात," असं म्हणाले होते. मला ते पटलं होतं. म्हणजे आता आठवड्याच्या सात दिवसांत त्यांचं म्हणावं असं काय उरलं होतं? ती विंगेतली खुर्ची! ती गेली तर हे माणूस घरात कुठल्या फळीवर ठेवायचं, ते मला सुचेना.

मी मात्र एक गोष्ट हेरली होती. प्रयोगात हे उजव्या पायानं एक पेडल दाबतात आणि दाबलं की यादीतला पुढचा आवाज पट्टीवर येतो. एका प्रयोगात मी विंगेत डोकावले, तर ते सारखं पुढे-मागे, पुढे-मागे दाबत होते. मी मनात म्हटलं, सापडत नाहीये! पुस्तकं अस्ताव्यस्त असली की वाचक असाच फळीपुढे येरझाऱ्या घालतो. रोग वाजवणाऱ्यात नाही, कपाटात आहे! आणि कपाट लावणं माझ्याइतकं कुणाला येतं?

शनिवारी सकाळी हे माझ्या नणंदेकडे गेले. रविवारी दुपारी तिथूनच थेट नाट्यगृहात येणार होते. मी लेकीला फोन लावला. ती दूरच्या शहरात कॉम्प्युटरवरचं काम करते आणि माझ्याशी बोलताना आवाजात मुद्दाम धीर आणते.

"आई, पण बाबांना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? आश्चर्याचा धक्का देणार आहे!"

"बसेल, बसेल धक्का. आधीचं सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेव. ठेवलंस?"

"ठेवलं."

"आता भरताना चौदा मिनिटं लागतील. मध्ये काही काढू नकोस, काही दाबू नकोस."

"तेरा मिनिटं झाली. पट्टी हलत नाही. एक दाबून बघू?"

"आई!!"

पण हे भरणं सगळ्यात शेवटचं. त्याआधी आवाजांची यादी पडद्यावर उघडली तेव्हा माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. काय तो गोंधळ! एक नंबरला घड्याळाचे टोले, दोनला दारावरची घंटा, तीनला फोन, चारला पुन्हा घंटा, पाचला पाऊस, सहाला कुत्रा, सातला पुन्हा तोच पाऊस, आठला पुन्हा तीच घंटा! एकूण चौऱ्याहत्तर आवाज, आणि त्यात घंटाच नऊ वेळा! एकाच पुस्तकाच्या नऊ प्रती नऊ वेगवेगळ्या कपाटांत! मला ह्यांची कीव आली. बिचाऱ्याला सापडणार कसं?

मी बाह्या सरसावल्या. पहिल्यांदा जादा प्रती काढल्या. राहिले एक्कावन्न. मग विषयवार वर्ग पाडले: निसर्ग, प्राणी, माणसं, वाहनं, घरातल्या वस्तू, संगीत. शेवटच्या तीन आवाजांना नावंच नव्हती. बाकी सगळ्यांना ह्यांनी इंग्रजी अक्षरांत का होईना पण नीट नावं दिली होती, आणि ह्या तिघांच्या जागी नुसते आकडे. मी म्हटलं, आळस! ते तिघे 'इतर'मध्ये टाकले.

ऐकून बघितले का, विचाराल. नाही बघितले! प्रत्येक पुस्तक वाचायचं म्हटलं तर ग्रंथपालानं कपाटं लावायची कधी?

वर एक सुबक तक्ता केला. बारीक, रेखीव अक्षरात, वर्गांप्रमाणे, क्रमांकांसह. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून यंत्राच्या कपाळावर चिकटवला. संध्याकाळी त्या तक्त्याकडे मी अशी बघत बसले होते, जशी बाळंतीण पाळण्याकडे बघते.

रविवारी चारचा प्रयोग. यंत्र मंडळीतल्या दोघांनी दुपारीच घरून नेऊन विंगेत मांडलं होतं. ह्यांची बस उशिरा आली. हे विंगेत पोचले तेव्हा दुसरी घंटा झाली होती. प्रयोगाआधी हे कुणाशी बोलत नाहीत, म्हणून मी नुसतं तक्त्याकडे बोट दाखवलं. "आवडला?"

ह्यांनी तिकडे मान वळवली. हसले. "छान," म्हणाले.

माझा ऊर भरून आला! त्यांनी यंत्र चालू करून पाय पेडलवर ठेवला, तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि मी धावत तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

नाटक गंभीर होतं. म्हाताऱ्या बापाचं आणि रुसून गेलेल्या मुलीचं. आई कधीच वारलेली. पहिल्या अंकात भांडण, दुसऱ्या अंकात बाप जातो. पडदा वर गेला तेव्हा दंतवैद्य आरामखुर्चीत बसले होते. आता घड्याळाचे नऊ टोले पडायचे आणि त्यांनी म्हणायचं, "नऊ वाजले. अजून आली नाही."

धो धो पाऊस पडला.

दंतवैद्य क्षणभर थांबले. मग त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "नऊ वाजले. अजून आली नाही." त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं, पण लोकांनी चालवून घेतलं. मी मात्र मनातल्या मनात तक्ता उघडला. निसर्ग, क्रमांक एक!

मग दारावरची घंटा वाजायची. ढग गडगडले! दंतवैद्य दचकून म्हणाले, "आली वाटतं!" आणि त्यांनी दार उघडलं. एवढ्या पावसातून मुख्याध्यापिका कोरड्या ठणठणीत आत आल्या. मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "छत्री चांगली आहे."

मग फोन. दोघंही फोनकडे बघत उभी. वारा सुटला. सू सू सू! ह्यांनी पुन्हा पेडल दाबलं असणार, कारण वारा थांबला आणि कुत्रा भुंकला. दंतवैद्यांनी देवाचं नाव घेतल्यासारखा चेहरा केला आणि रिसीव्हर उचलला. "हॅलो! हो, हो, आधी त्याला बांधा, मग बोला!"

सभागृहात हशा फुटला! मी पदराचं टोक तोंडात धरलं. मला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या नऊ ठिकाणच्या नऊ घंटा म्हणजे गबाळेपणा नव्हता. ते नाटक होतं! पहिल्या टोल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत, ज्या क्रमानं घडतं त्या क्रमानं लावलेलं. पाय दाबत जायचं आणि गोष्ट पुढे सरकत जाते. माझी रचना न वाचलेलं पुस्तक शोधणाऱ्यासाठी होती. ह्यांना काही शोधायचंच नव्हतं.

पण मग हे तक्ता का बघत नव्हते? क्रमांकासकट समोर लिहिलं होतं! मी हवेतल्या हवेत बोटानं आकडे दाखवत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मावशी, डास आहेत का?"

त्या पुढच्या पाऊण तासात दुधाचा ग्लास फुटायच्या जागी कोंबडा आरवला, डॉक्टर आले ते घोड्यावरून, आणि अंकाच्या शेवटी मुलगी दार आपटून जाते तिथे दाराऐवजी पन्नास माणसं खदाखदा हसली. ती यंत्रातली होती. बाकीची चारशे खरी!

मध्यंतरात मी विंगेत धावले. टेलरमास्तर गळ्यातली टेप दोन्ही हातांनी ओढत उभे होते, जणू स्वतःलाच फाशी देतायत.

"वहिनी, एक टाका चुकला की कोट उसवतो. इथं तर बाहीला पायजमा शिवलाय!"

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "मी आवाजांची जागा बदलली. ह्यांना माहीत नव्हतं. मला दहा मिनिटं द्या."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि निघून गेले.

हे खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर. मी तक्त्यावर बोट आपटलं. "अहो, हे काय समोर आहे! घंटा, क्रमांक पस्तीस. वाचायचं की नाही?"

"वाचता येत नाही."

"चष्मा कुठाय?"

"डोळ्यांवर आहे," हे म्हणाले. होताच.

मला काही उमगेना. मग हे खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "मधलं सगळं गेलंय गं. कडेकडेचं दिसतं. तू दिसतेस, पण तुझं तोंड दिसत नाही. सव्वा वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकेल तेवढं टिकेल."

सव्वा वर्ष! माझ्या डोक्यात पानं भराभर उलटायला लागली. दुकान बंद केलं ते. यंत्रावरचा आकडा दिसेना म्हणून पेडल पुढे-मागे झालं ते. शेवटच्या आवाजांना नावं नाहीत ती. आणि रोज सकाळी "तू वाच, तुझ्या तोंडून बातमी बरी वाटते," म्हणून माझ्याकडून अख्खं वर्तमानपत्र वाचून घेतलं ते! मी बापडी खूश होऊन मृत्यूच्या जाहिरातीसुद्धा चढउतारांसह वाचत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं, तर तू मला घरी बसवलं असतंस."

खोटं नव्हतं.

"लॅपटॉप आण," हे म्हणाले.

"घरी आहे. जायला अर्धा तास. भरायला चौदा मिनिटं."

"मग संपलं."

"संपलं काय? नाटक तुम्हाला पाठ आहे ना?"

"शब्द न् शब्द."

"आणि कपाट मला पाठ आहे. तुम्ही नुसतं काय हवं ते सांगा. काढून मी देते!"

सदतीस वर्षं दुसरं काय केलं होतं मी? शेजारी प्रकाशयोजनेचं रिकामं खोकं होतं, त्यावर बसले. दुसरा अंक सुरू झाला.

"घंटा," हे पुटपुटले. वस्तू, पस्तीस. टक्. "घ्या!" ह्यांनी पट्टी दाबली आणि घंटा वाजली! रंगमंचावर मुख्याध्यापिकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला पाठमोरं दिसलं.

"पाऊस." टक्. "घ्या!"

"आता गाडी."

"कुठली? वाहनांत तीन आहेत."

"मोटार! दुसऱ्या मजल्यावर आगगाडी येईल का?"

"ओरडू नका, ऐकू जाईल."

असं करत करत पाऊण अंक निभावला, एक आवाज चुकला नाही! लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण एकानं म्हणावं आणि दुसऱ्यानं लगेच करावं असं आमच्या घरात तोवर सलग पाच मिनिटंही घडलं नव्हतं.

मग मरणाचा प्रसंग आला. दंतवैद्य खाटेवर, मुख्याध्यापिका उशाशी, डोळ्यांत पाणी. सभागृह पहिला अंक विसरून शांत झालं होतं.

"शेवटचा सूर," हे म्हणाले.

"संगीतात सूर सहा आहेत. नाव?"

"पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवून घेतलेला. नाव नाही दिलेलं. अक्षरं दिसत नव्हती, अगं!"

इतर! तीन अनामिक! तिथे दंतवैद्यांनी शेवटचा श्वास घेतला. सूर आला नाही, म्हणून त्यांनी आणखी एक शेवटचा श्वास घेतला. मग तिसरा. माणूस वारायला तयार होता, पण वाजल्याशिवाय वारणार कसा? सातव्या शेवटच्या श्वासाला मी डोळे मिटून 'इतर, एक' लावला. "घ्या!"

ह्यांनी पट्टी दाबली आणि चारशे माणसांच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंच्या कपाटाएवढ्या स्पीकरमधून, आवाज घुमला:

"अहो! पुन्हा ओला टॉवेल गादीवर? किती वेळा सांगायचं माणसानं? मी गेल्यावर कळेल तुम्हाला! उठा आधी! उठा म्हणते ना!"

तो आवाज माझा होता.

मला वाटलं, रंगमंचाची फळी उघडावी आणि मी खाली तळघरात जावं. ह्यांचं बोट पट्टीवर गोठलं होतं. टेलरमास्तर समोरच्या विंगेत मटकन खाली बसले. सभागृहात एक हसू फुटलं, दुसरं फुटायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी मान वर केली. त्यांनी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज खाली, अगदी खाली आणला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "आई आलीय."

हसू जागच्या जागी थांबलं. दंतवैद्यांनी डोळे उघडले. वर, जिथून आवाज आला होता तिकडे बघितलं. आणि तीस वर्षं लोकांचे दात उपटणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"आलो, आलो गं," ते म्हणाले. "उचलतो टॉवेल."

आणि मान टाकली.

मग कुठूनतरी नाक ओढल्याचा आवाज आला, मग दुसरीकडून, मग सगळीकडून. पडदा पडला तरी टाळ्या सुरू व्हायला बराच वेळ लागला. सुरू झाल्या त्या थांबेनात.

मास्तर आले. मी उठून उभी राहिले. "मास्तर, हे काही ह्यांचं—"

"वहिनी, बसा," ते म्हणाले. "मी शिंपी आहे. माणूस बटण बघून लावतो की चाचपून लावतो, हे मला कळतं. दादा गेल्या वर्षापासून चाचपून लावतात. म्हणून तर लॅपटॉपचं काढलं! चारचौघांत फजिती नको व्हायला. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आवाज उशिरा येतात म्हणालो."

आम्ही तिघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. ह्यांनी माझ्यापासून सव्वा वर्ष, मास्तरांनी ह्यांच्यापासून वर्षभर, आणि मी मास्तरांपासून एक अंक.

"खुर्ची राहील," मास्तर म्हणाले. "फक्त शेजारी दुसरी टाका. आणि तो टॉवेल पुढच्या प्रयोगाला पाहिजे! टाळ्या त्यानं घेतल्या."

टॅक्सीत मी विचारलंच. "माझं ओरडणं कशाला भरून ठेवलंत?"

"दाराची कडी टिपत होतो. मध्ये तू आलीस."

"मग काढून टाकायचं!"

"काढायला गेलो. यादी दिसेना. भलतंच काहीतरी उडालं असतं." खिडकीकडे तोंड वळवलं. "मग म्हटलं, राहू दे."

"ठेवायचंच होतं, तर गोड बोलत असताना तरी टिपायचं."

"थांबलो होतो की," हे म्हणाले. "आठवडाभर थांबलो. मग प्रयोग जवळ आला."

त्या नाटकाचे पुढे एक्केचाळीस प्रयोग झाले. प्रत्येक प्रयोगात मी टॉवेलावरून ओरडले. पत्रकात माझं नाव कधी छापलं नाही. 'आईचा आवाज: घरचा' एवढंच असायचं.

लेकीनं दुसऱ्या दिवशी फोनवरून सांगत सगळे चौऱ्याहत्तर आवाज जुन्या क्रमानं परत भरून घेतले, आणि मला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी केली. ती अजून उठवलेली नाही. दंतवैद्य आणखी चार वर्षं नायक होते. मग एका प्रयोगात ऐन प्रेमप्रसंगात त्यांची स्वतःचीच कवळी निसटली, तेव्हापासून ते प्रेक्षकांत बसतात. मुख्याध्यापिका मागच्या वर्षी गेल्या. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा बोलणं जड जात होतं, तरी माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, "त्या दिवशी मला पुढचं वाक्य खरंच आठवत नव्हतं." टेलरमास्तरांचे हात आता थरथरतात. दुकान नाही. पण मंडळीचे कपडे अजून तेच बेततात, आणि ते सगळ्यांना थोडे सैल होतात.

आणि आमचे हे? सहा वर्षं ती खुर्ची त्यांचीच होती. कडेकडेचं दिसायचं तेही हळूहळू गेलं, पण पाय अचूक पडायचा. मग गुडघा दुखायला लागला आणि पेडल दाबवेना. तेव्हा आमची अदलाबदल झाली. हे खोक्यावर बसून सांगायचे, मी खुर्चीवर बसून दाबायचे.

तो कारभार बरोबर एक प्रयोग टिकला. नवं नाटक होतं, आई-मुलाचं. तिसऱ्या प्रवेशात मुलगा परत येतो आणि घंटा वाजवतो. हे म्हणाले, "घंटा." मग म्हणाले, "अगं, घंटा!" मग मला कोपरानं ढोसलं. पण माझं लक्ष होतं कुठं? नायिका पत्र वाचत होती आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. दाराबाहेर मुलगा मिनिटभर ताटकळला, शेवटी त्यानं तोंडानंच "ट्रिंग ट्रिंग" केलं.

मास्तर आले. या वेळी हिंमत करून थेट तोंडावर बोलले. "वहिनी, पुढच्या नाटकापासून लॅपटॉप."

तेहतीस आणि सहा, एकोणचाळीस वर्षं जपलेली खुर्ची मी एका संध्याकाळी घालवली. परत येताना टॅक्सी केली.

अर्ध्या वाटेवर ह्यांनी विचारलं, "घंटेच्या वेळी झालं काय तुला?"

"नाटक बघत बसले," मी म्हटलं. "त्या खुर्चीवरून असं जवळून कधी बघितलंच नव्हतं."

एवढ्या वर्षांत त्यांनी तरी कुठं एक नाटक बघितलं होतं! कायम विंगेत, कायम पुढच्या आवाजाची वाट बघत.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

मी नीट विचार केला. खोटं बोलायचं वय दोघांचंही उलटून गेलं होतं.

"चांगलं होतं," मी म्हटलं. "आवाज तेवढे वेळेवर येत नव्हते."